बावन्न माणसं आणि एकच नट : ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आपल्याला हसवतं कसं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

आजचा भाग नाटकाच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात आपण रीलपासून करू. तुमच्या फोनवर हे रील येतंच येतं. एकच पोरगा. डोक्यावर टॉवेल घेतला की आई, तोच टॉवेल खांद्यावर टाकला की बाप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला की आत्या. घरात भांडण चालू आहे आणि घरातली सगळी माणसं एकच माणूस करतोय. आपण हसतो, मित्राला पाठवतो आणि पुढे सरकतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. यातली काही रील बघून वाटतं, अरे, हे तर आपलंच घर. आणि काही बघून वाटतं, हा आपल्या लोकांची टिंगल करायला लागलाय. विनोद जवळजवळ तोच असतो. बोली तीच, टॉवेलही तोच. मग एक जवळ घेतो आणि दुसरा टोचतो, हे का होतं?

माझं उत्तर असं आहे की बरंचसं काम विनोद करत नाही, त्याची घडण करते. किती नट आहेत, रंगमंचावर काय ठेवलंय, कोण कोणाच्या आधी बोलतं, गोष्ट कुठून निघून कुठे जाते, यावर हसण्याचा अर्थ ठरतो. हे समजून घ्यायला मराठवाड्यात एक नंबर उदाहरण आहे: ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’.

नाटक काय आहे?

लेखक आणि नट एकच, प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवायचे आणि त्या विभागाचे प्रमुखही होते. १९७९ साली त्यांनी हे नाटक रंगमंचावर आणलं. पुढे तीस वर्षं ते महाराष्ट्रभर आणि परदेशातही फिरलं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. २००९ मध्ये देशपांडे गेले.

गोष्ट एका ओळीत सांगता येते. मराठवाड्यातल्या खेड्यातलं एक कुटुंब. त्यांचा पोरगा लंडनला आहे आणि तिथल्या गोऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. मग गावाकडची सगळी मंडळी, बाया-माणसं, म्हातारी-कोतारी, वऱ्हाड घेऊन विमानाने लंडनला निघतात. बस्स, एवढीच गोष्ट.

पण ती सांगायला रंगमंचावर एकच माणूस. व्यक्तिरेखा बावन्न, वेळ साधारण तीन तास. हातात काय, तर एक उपरणं. डोक्यावरून घेतलं की पदर, कमरेला बांधलं की शेतकरी, खांद्यावर टाकलं की गावातला मोठा माणूस.

हा घाट आला कुठून?

‘एकपात्री’ हा शब्द शहरी वाटतो. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हापासून तो मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या ओळखीचा झाला. नंतर सदानंद जोशींनी ‘मी अत्रे बोलतोय’ केलं. ते मात्र वेगळं होतं. तिथे एक नट एकाच माणसाची भूमिका करत होता. ‘वऱ्हाड’ चाळीच्या बाजूचं आहे, तिथे एक नट म्हणजे अख्खी वस्ती.

पण ही मुंबई-पुण्याची गोष्ट झाली. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ‘एका माणसाने सगळ्यांची सोंगं घेणं’ कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तो कीर्तन ऐकत मोठा झालेला असतो. बीड जिल्ह्यात तर विचारूच नका. एकही गाव असं नसेल की जिथे सप्ताह होत नाही. कीर्तनकार उभा राहतो, दृष्टान्त द्यायला लागतो आणि बघता बघता सासू होतो, सून होतो, सावकार होतो, देव होतो. पोशाख बदलत नाही. उपरणंच इकडून तिकडे जातं. नारदीय कीर्तनात तर पूर्वरंग आणि उत्तररंग असे सरळ दोन भाग असतात. आधी तत्त्व सांगायचं, मग आख्यान. आख्यानात राजापासून दासीपर्यंत सगळे बोलणार ते एकाच तोंडातून.

दुसरी शाळा भारुडाची. आपल्या गेवराईच्या पलीकडे, गोदावरी ओलांडली की पैठण. तिथल्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारूडं लिहिली. त्यात गावात दिसणारे सगळे लोक येतात, जोशी येतो, भुत्या येतो, वासुदेव येतो. भारूड करणारा ते सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या तोंडून सांगायचं ते सांगतो. लोक आधी पोट धरून हसतात आणि मग हळूच गप्प होतात.

म्हणजे देशपांड्यांनी विद्यापीठात शिकवलेलं नाट्यशास्त्र आणि मंदिरापुढच्या मांडवातली ही जुनी रीत एकत्र आणली. प्रेक्षकाला नवीन होतं ते लंडन. सांगायची पद्धत त्याच्या घरचीच होती.

एकच नट असला की काय काय बदलतं?

इथे जरा थांबू, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे. चार गोष्टी बघा.

पहिली, गर्दी नाहीशी होते. नेहमीच्या नाटकात नायक मधे असतो, प्रकाश त्याच्यावर असतो आणि कडेला ‘गावकरी’ उभे असतात. त्यांना नावही नसतं. एकपात्रीत कडेला उभं राहायला कुणी नाहीच. जो बोलेल तो मधोमध. दोन वाक्यं बोलून जाणाऱ्या म्हातारीलाही तोच नट मिळतो, जो घरच्या कर्त्याला मिळतो. गावातल्या बावन्न जणांना मुख्य नट मिळाला, असं म्हणा ना.

दुसरी, प्रत्येकाला पाळी मिळते. लग्नघरात खरं तर सगळे एकदम बोलतात. मान कुणाला, आहेर किती, कोण रुसलं, सगळा कालवा. पण एका तोंडातून दोन आवाज एकाच वेळी निघत नाहीत. नटाला भांडण उलगडावं लागतं. डावीकडे वळून खाली बघत बोललं की समोर पोरगं उभं आहे असं आपण धरतो. उजवीकडे वळून वर बघत उत्तर दिलं की तो स्वतःच पोरगं झाला. आवाजाची उंची बदलते, वेग बदलतो, एकाचं वाक्य दुसरा तोडतो आणि आपल्याला वाटतं की पंधरा माणसं भांडताहेत. पण प्रत्यक्षात प्रत्येकाचं म्हणणं आपल्या कानावर सुटं सुटं आलेलं असतं. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांचंही.

तिसरी, नेपथ्य नसतं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. गावाकडचं अंगण त्याच फळ्यांवर आणि विमानही त्याच फळ्यांवर. लंडनही तिथेच. मोठ्या संचाचं नाटक असतं तर काय झालं असतं? गावासाठी एक पत्र्याचं दार आणि लंडनसाठी झकपक दिवे. पडदा उघडताच डोळ्यांनी ठरवून टाकलं असतं की मोठं काय आणि छोटं काय. इथे दोन्ही जागा प्रेक्षकाच्या डोक्यात बनतात आणि दोन्हीला सारखीच जागा मिळते.

चौथी, बदल लपवता येत नाही. नट एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो ते आपल्या डोळ्यांदेखत. ज्याची आत्ता खोडी काढली, पुढच्या श्वासाला त्याच्याच कातडीत शिरावं लागतं. त्यामुळे नुसती टर उडवून पळ काढता येत नाही. पुढच्या वाक्याला ज्याची टर उडवली तोच बोलायला उभा असतो.

आता एक प्रयोग मनातल्या मनात करा. हेच नाटक बावन्न नट घेऊन बसवलंय. संवाद तेच. विमानात आपल्या गावाकडची एक म्हातारी घाबरून बसलीय आणि शेजारी कडक गणवेशातली हवाई सुंदरी उभी आहे. आपण नकळत दोघींची तुलना करतो. शहरातला प्रेक्षक हवाई सुंदरीच्या बाजूने म्हातारीकडे बघून हसतो. आता तेच एका नटाने केलं तर? म्हातारी तोच आणि सुंदरीही तोच. बाजू घ्यायला दुसरं कुणी शिल्लकच नाही. शब्द तेवढेच राहिले, पण हसण्याची दिशा बदलली.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९९१ साली क्राउन हाइट्स या भागात कृष्णवर्णीय आणि ज्यू वस्तीत दंगल झाली. ॲना डेव्हियर स्मिथ या अभिनेत्रीने दोन्हीकडच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९२ मध्ये ‘फायर्स इन द मिरर’ या नाटकात त्या सगळ्यांची भूमिका एकटीने केली, त्यांच्याच शब्दांत. ज्या प्रेक्षकाला समोरच्या बाजूचं तोंड बघायचं नव्हतं, त्याला दोन्ही बाजू एकाच चेहऱ्यावर बघाव्या लागल्या. विषय दंगलीचा होता आणि आपल्याकडे लग्नाचा आहे, पण घाट तोच.

लग्न शेवटी की मधे?

जगातल्या कितीतरी विनोदी नाटकांचा शेवट लग्नाने होतो. शेक्सपिअरच्या सुखात्मिका बघा. गैरसमज, वेशांतर, धावपळ आणि शेवटी जोडपी जुळतात. लग्न हे तिथे बक्षीस असतं.

‘वऱ्हाड’मध्ये लग्न पहिल्यापासून ठरलेलंच आहे. नवरा-नवरी जुळतील का, हा प्रश्नच नाही. मग ताण कशाचा? सगळे निघतील का, याचा. कोण येणार, कोण रुसून बसणार, कोणाला न्यायचं, काय सोबत घ्यायचं. नवरा-नवरी बाजूला आणि वऱ्हाडच नायक. ही निवड साधी वाटते, पण तिने नाटकाचा अर्थ ठरतो. एका पोराची प्रगती सांगायची असती तर नाटक लंडनला सुरू झालं असतं. इथे सांगायचं आहे ते हे की पोरगा कितीही लांब गेला तरी त्याच्यामागे अख्खं गाव येतं.

नावाचं व्याकरण बघा. ‘वऱ्हाड’ म्हणजे इथे विदर्भातला प्रदेश नाही, लग्नाला निघालेली मंडळी. पन्नास माणसं असोत की दोनशे, शब्द एकवचनी. ‘वऱ्हाड निघालंय’, ‘वऱ्हाड आलं’. माणसं अनेक, क्रियापद एकाचं. आणि रंगमंचावर काय? माणसं अनेक, नट एक. जे व्याकरण शीर्षकात आहे तेच नाटकात उभं राहतं. शिवाय ते ‘निघाले आहे’ नाही, ‘निघालंय’ आहे. पोस्टरवरच बोलीचा सूर लागलेला.

कोणाची बोली, कोणाचं हसू?

आता थोडा इतिहास. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला आणि १९६० ला महाराष्ट्र राज्यात आला. तोवर छापील मराठीचं माप पुण्यात ठरलं होतं आणि व्यावसायिक नाटक मुंबई-पुण्याभोवती उभं राहिलं होतं. त्या रंगमंचावर गावरान बोली यायची, पण बहुतेक वेळा गड्याच्या, शिपायाच्या तोंडी. मालक शुद्ध बोलणार आणि गडी अशुद्ध. बोलीलाच विनोद समजायचं, ही सवय तिथून लागली.

याला तोड होती ती तमाशात. गण, गवळण, बतावणी आणि वग, असा त्याचा ठरलेला क्रम. आधी गणपतीला वंदन, मग कृष्णाची आणि गवळणींची थट्टा, मग मोकळी बतावणी आणि शेवटी राजा-प्रधानाची गोष्ट. देवाचीही थट्टा आधीच होऊन गेलेली असते, त्यामुळे वगात राजाची टर उडवायला सोंगाड्याला परवानगी मागावी लागत नाही. क्रमानेच ती दिलेली असते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके शहरातल्या नाट्यगृहांत गाजले ते याच घडणीच्या जोरावर. तिथे गावरान माणूस राजापेक्षा शहाणा.

‘वऱ्हाड’ने तिसरी वाट काढली. तिथे बोली शहाणपण दाखवायला आलेली नाही की वेडेपणा दाखवायलाही नाही. रंगमंचावर शुद्ध बोलणारा मालकच नाही, मग अशुद्ध कोण ठरवणार? ‘काय करायलास?’, ‘मी जायलो’ असं बोललं की पुण्यातल्या होस्टेलवर पोरं मागे वळून बघतात. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहणारी आपली कितीतरी पोरं दुसऱ्या महिन्यातच ‘करतोय’, ‘जातोय’ म्हणायला लागतात. या नाटकात तीन तास हीच बोली कानावर पडते आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर प्रेक्षक तिला हसणं थांबवतो. मग तो माणसांना हसायला लागतो, त्यांच्या रुसव्याला, हट्टाला, भित्रेपणाला. ते तर सगळीकडे सारखंच.

मग आक्षेप उरतोच: गावाकडच्या लोकांना विमानात बसवून हसणं हे शेवटी ‘अडाणी’ म्हणून हसणंच नाही का? काही विनोद तसे आहेत, नाही म्हणता येणार नाही. विमान पहिल्यांदा बघणाऱ्याचा गोंधळ हा सोपा विनोद आहे. पण सोपा विनोदसुद्धा कोणत्या चौकटीत बसवलाय ते बघावं लागतं. ही माणसं लंडनला चोरून आलेली नाहीत, नोकर म्हणून आलेली नाहीत. ती मुलाकडची पाहुणेमंडळी आहेत. मान घ्यायला आलीत.

बीडमध्ये ‘निघालंय’चा अर्थ

आणि इथे बीडच्या माणसाला हे नाटक वेगळं ऐकू येतं, असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे. देशपांड्यांनी तसं ठरवून लिहिलं असं मी म्हणत नाही.

अख्खं गाव एकदम निघणं आपल्याला नवीन नाही. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भांडी, अंथरूण-पांघरूण, शेळी, पोरं, सगळं गाडीत. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या फडावर. सहा-सहा महिने गावात फक्त म्हातारी माणसं. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते.

या धंद्याची भाषा बघा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. किती माणसं आली असं विचारत नाहीत, किती कोयते आले असं विचारतात. इथेही माणसं अनेक आणि शब्द एकवचनी. पण ‘वऱ्हाड’ या एकवचनात माणसं मावतात. प्रत्येकाचा रुसवा, प्रत्येकाचा मान त्यात धरलेला असतो. ‘कोयता’ या एकवचनात माणसं गळून पडतात, हत्यार तेवढं उरतं. बाईचं नावही नाही, तिचा वेगळा हिशोबही नाही.

म्हणून मला हे नाटक नुसतं हलकंफुलकं वाटत नाही. तेच गाव, तीच सामानाची बांधाबांध, तीच ‘याला नेऊ की त्याला ठेवू’ची ओढाताण. फक्त या वेळी गाव मजूर म्हणून निघालेलं नाही, पाहुणे म्हणून निघालंय. आणि निघालेल्या प्रत्येकाला रंगमंचावर स्वतःचा चेहरा आहे, स्वतःची पाळी आहे. ज्या जिल्ह्यात माणसं मोजायला हत्यार वापरतात, तिथे एका नटाने बावन्न माणसं एकेक करून दाखवणं ही साधी गंमत राहत नाही.

देशपांडे गेल्यावर

एकपात्री नाटकाचं एक दुखणं असतं. नट गेला की नाटक जातं. २००९ नंतर ‘वऱ्हाड’चंही तसंच झालं असतं. पण पुढे ते संदीप पाठक यांनी हाती घेतलं आणि ते कुठले, तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे. आज तरुण प्रेक्षक नाट्यगृहात जे ‘वऱ्हाड’ बघतो ते त्यांचं. आवाज वेगळा, अंग वेगळं, लकबी वेगळ्या. तरी प्रयोग उभा राहतो. कीर्तनाचं आख्यान एका बुवाकडून दुसऱ्याकडे जातं, तसंच हे झालं. म्हणजे टिकलं ते काय? घडण टिकली.

आता परत रीलकडे बघू, कारण तिथला फरक आता नेमका सांगता येतो. रीलमध्ये पोरगा आई होतो आणि बाप होतो, पण मधे कट असतो. बदल दिसत नाही. शिवाय साठ सेकंदांत आईला एकच गुण मिळतो: ओरडणं. बापाला एकच: पैसे न देणं. तीन तासांत मात्र जी म्हातारी आधी नुसती कटकटी वाटते, ती लंडनच्या वाटेवर घाबरते, हट्टाला पेटते, मग कुणाला तरी धीर देते. वेळ मिळाला की नमुन्याचा माणूस होतो. म्हणून मी रीलला वाईट म्हणत नाही. जी पोरं चांगलं करतात ती कटच्या मधेही माणूस सोडत नाहीत, ते आपल्याला बघताक्षणी कळतं. टॉवेल डोक्यावर घेताना आईची नक्कल करायची आहे की आई व्हायचंय, एवढाच प्रश्न असतो.

‘वऱ्हाड’चा प्रयोग जवळपास लागला तर जाऊन बघा आणि घरच्या मोठ्यांना सोबत न्या. बघताना एक काम करा: पाच मिनिटं डोळे मिटून ऐका आणि किती माणसं बोलली ते बोटांवर मोजा. घरी आल्यावर आजीला विचारा, तिच्या लग्नाचं वऱ्हाड कशात बसून आलं होतं आणि कोण रुसलं होतं. ती सांगायला लागली की बघा, सासूचं बोलणं ती सासूच्याच आवाजात सांगेल.

भेटू पुढच्या भागात.